ग्रहणाच्या चार महिने आधी

आधी बाईंचं सांगते, मग माझं. आमच्या गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायच्या त्या. वर्ध्याकडच्या, एकट्या, सुती पातळ नेसणाऱ्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मला सासरच्या दारातून बाहेर काढायचं ठरत आलं होतं तेव्हा मला राहू दिलं गेलं ते त्यांच्यामुळे. आणि लेकराला मीच मारलं असं मी स्वतःच मानायला लागले होते, ते माझ्या डोक्यातून काढलं तेही त्यांनीच. त्यांचं नाव लिहीत नाही. विचारल्याशिवाय कोणाचं नाव कागदावर घालू नये, आणि विचारायला त्या कुठे आहेत हे मला ठाऊक नाही. आहेत की नाहीत, हेही नाही.

मी पाचवीत शाळा सोडलेली बाई. आता मुलीजवळ राहते, वाशीमपासून दीड दिवसाच्या आगगाडीच्या अंतरावर. इथे माझं बोलणं शेजारणीला कळत नाही, भाजीवाल्याला कळत नाही. लिहायला बसले की भीती वाटते: ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, लोक म्हणतील हिला कोणी सांगितलं होतं. पण इतकी वर्षं झाली तरी राग निवत नाही, तो कुठेतरी ठेवायला पाहिजे.

रिठदच्या पुढे, रिसोडच्या रस्त्याला आमचं गाव. लग्न होऊन आले तेव्हा मी सतरा-अठराची असेन. घरात देव नव्हते. छप्पन साली धर्म बदलला तेव्हा सासऱ्यांनी सगळे टाक टोपलीत भरून विहिरीत सोडले होते. सासूला त्याचा केवढा अभिमान! नवी कोणी पाहुणी आली की सांगायची, "खंडोबा म्या माह्या हातानं बुडोला, माय. गाव म्हणे आंधयी होशीन. पाह्य, सुईत दोरा ओवतो अजून." भिंतीवर बुद्धाची तसबीर, पौर्णिमेला मेणबत्ती, पंचशील तोंडपाठ. पण पोटुशी बाई ग्रहणात काही कापणार नाही, शिवणार नाही, चूल पेटवणार नाही, हे मात्र तसंच. देव बुडाले, ग्रहण तेवढं तरंगत राहिलं. का, ते कोणी विचारलं नाही. मीही नाही.

तो दुष्काळाचा काळ होता. दोन वर्षं विहिरी कोरड्या. घरातले सगळे सरकारी कामावर खडी फोडायचे, मीही फोडायची. रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळायची, मिलो म्हणत तिला. तिची भाकर घशाखाली उतरायची नाही, वर तिखटाचं पाणी. आधी पुरुष जेवत, मग सासू, मग जाऊ, मग मी. तव्याला जे चिकटलेलं असे तेही कधी कधी माझ्याआधी संपे. दिवस गेले तरी क्रम तोच.

पाचवा महिना चालू असताना एका दुपारी ग्रहण आलं. सगळे कामावर, मला एकटीला घरात ठेवून गेलेले. सासूने निघताना बजावलं, "पाय लांबे करून निजून राह्य. कशाले हात लावू नको." कोपऱ्यात अंबाडीची एक जुडी होती, नदीच्या ओलीला कोणी लावली होती त्यातली. कित्येक दिवसांत मी हिरवं काही पाहिलं नव्हतं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, खरंच सांगते, रडू यावं तसं पाणी सुटलं. मी विळा घेतला, अंबाडी चिरली, चुलीवर चढवली. अर्धी कच्चीच खाल्ली. तेवढ्यात जाऊबाई पाणी प्यायला म्हणून आली आणि दारातच थांबली. नुसती विळ्याकडे पाहून गेली.

पुढे मुलगी झाली. ती लिहिताना अजून हात थांबतो. नाक होतं, ओठ होते, हाताची नखंसुद्धा होती. भुवयांच्या वर काही नव्हतं. डोक्याला छत नव्हतं. थोडा वेळ तिने श्वास घेतला. सुईणीने तिला फडक्यात गुंडाळलं आणि मला दाखवायचं नाही म्हणाली, पण मी पाहिलं होतं. मी आई होते, पाहणार नाही का?

त्याच दिवशी, माझं अंग अजून ओलं असताना, जाऊबाईने विळ्याचं सांगितलं. सासू माझ्या बाजेशी उभी राहून म्हणाली, "गिऱ्हानात इळा चालोला हिनं. लेकराचं डोस्कं आपल्या हातानं कापून ठेवलं." आमचे हे तिथेच होते. मान खाली घालून बाहेर गेले. नंतर कधी या विषयावर चांगलं बोलले नाहीत, वाईटही नाही. त्या गप्प राहण्याचा राग मला सासूच्या बोलण्यापेक्षा जास्त आहे. सासू निदान तोंडावर बोलली.

दीड वर्ष मी विळा हातात धरला नाही. सुई नाही, कात्री नाही. कोणी सांगितलं म्हणून नाही, माझ्या मनानेच. हात नुसता पात्याजवळ गेला तरी मी तो मागे ओढून घ्यायची. पुन्हा दिवस राहिले, आणि तिसरा महिना लागताच सासूने ठरवून टाकलं: हिला माहेरी पोचवायची, कायमची, आणि अनसिंगची तिची भाची लेकासाठी करून आणायची. "याबी खेपेले तसंच झालं तं? घराले डाग लागला आमच्या." पौर्णिमेच्या वंदनेनंतर विहारात चार लोक बसतील आणि बोलतील, असं सासऱ्यांनी कबूल केलं. पौर्णिमेला बारा-तेरा दिवस होते. माहेरी बाप नव्हता, भाऊ दुसऱ्याच्या वावरात सालदार. मी कुठे जाणार होते?

त्या दिवसांत बाई आमच्या अंगणात आल्या. दहावीच्या मुलांना दाखवायला त्यांना कोंबडीखालची अंडी हवी होती, आणि आमची एक कोंबडी खुडूक बसली होती. सासूने अंड्यांची टोपली पुढे केली. टोपलीचं तोंड सुतळीने बांधलेलं, गाठ निघेना.

"अगं, ती सुतळी काप ना," बाई मला म्हणाल्या आणि त्यांनी शेजारचा विळा माझ्याकडे सरकवला.

मी मागे झाले. "मी नाही कापत."

"काहून?" शिकलेल्या असल्या तरी आम्हाला हसवायला त्या आमच्यासारखं बोलायच्या. पण मी हसले नाही. मला एकदम रडूच कोसळलं. मग सासूने, मला न विचारता, सगळी हकिगत सांगितली. ग्रहण, अंबाडी, विळा, लेकराचं डोकं. सांगताना बोट माझ्याकडे.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग एवढंच विचारलं, "ग्रहणाच्या दिवशी हिला कितवा महिना होता?"

"पाचवा."

"मग मावशी, विळ्याचा काय संबंध? लेकराचं डोकं पहिला महिना सरायच्या आत मिटायचं असतं. त्या वेळी तर हिला दिवस गेलेत हे हिलाही कळलं नसेल."

"तुमी काय पोटात जाऊन पाह्यलं?" सासू म्हणाली.

"पोटात नाही. अंड्यात पाहता येतं. तुम्हीही पाहा."

त्यांनी कोळशाने अकरा अंड्यांवर खुणा केल्या आणि ती कोंबडीखाली सारली. दुसऱ्या दिवसापासून, शाळेत जायच्या आधी, त्या आमच्या अंगणात यायच्या. शाळेचं भिंग, काचेची बशी, कोमट मिठाचं पाणी, काळी पाटी. अंडं हळूच फोडायचं, बलकावर वर आलेल्या पांढुरक्या ठिपक्याभोवती टिपकागदाची भोक पाडलेली चकती ठेवायची, कात्रीने कड कापायची आणि चकतीसकट तो ठिपका उचलून बशीतल्या पाण्यात सोडायचा. खाली काळी पाटी, म्हणजे पांढरं उठून दिसतं. कात्री चालली की मी डोळे मिटायची.

सासू पहिल्या दिवशीच कडाडली. "पंचशील घेतलं आमी. पानातिपाता म्हणतो रोज, जीव घेनार नाही म्हून. अन् तुमी आमच्या दारात पिल्लं मारून राह्यल्या?"

ओट्यावर बसलेले सासरे विडी न पेटवता म्हणाले, "अन् बैलपोयाच्या पाडव्याले कोंबडं कोन कापते वं? तवा कोठी जाते तुह्यं पानातिपाता?"

सासू आत गेली. पण दाराआडून पाहत राहिली, ते मला दिसत होतं.

पहिल्या दिवशी काही नव्हतं, एक फिकट रेघ. बाई म्हणाल्या, ही पाठीची दिशा. दुसऱ्या दिवशी सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी त्यांनी एकेक अंडं फोडलं. मी भिंगाला डोळा लावला. रेघेच्या दोन्ही बाजूंनी कडा वर उठल्या होत्या आणि एकमेकींकडे झुकल्या होत्या. "करंजी मुडपतेस ना, तशा या कडा मधे येऊन जुळतात," बाई म्हणाल्या. "जुळल्या की नळी होते. नळीचा वरचा भाग फुगतो, तो मेंदू. बाकीची लांब नळी पाठीतून जाते. माणसाच्या लेकरातही हेच, फक्त तिथे हे व्हायला तीन-चार आठवडे लागतात. तुझ्या लेकराची ही नळी वरच्या टोकाला जुळली नाही. जी जुळलीच नाही तिच्यावर कवटी बसणार कशी?"

तिसऱ्या दिवशी नळी मिटलेली होती, वर तीन फुगे दिसत होते, आणि त्यांच्या खाली काहीतरी लाल ठुकठुकत होतं. मी भिंग सासऱ्यांच्या हातात दिलं. ते गवंडी. नजर पक्की, ओळंब्याची सवय. बराच वेळ पाहत राहिले.

"बाई, या कडाईले कोन सांगते का आता उभ्या राहा?"

बाईंना हा प्रश्न फार आवडला. त्या ओट्याच्या कडेवरच बसल्या. "मामा, त्या पापुद्र्याच्या खाली एक बारीक दांडी असते. ती वरच्या पेशींना सांगावा धाडते. सांगावा पोचला तर पेशी मेंदूच्या वाटेला लागतात, नाही पोचला तर त्यांचं कातडं होतं. जवळच्यांना जास्त मिळतो, लांबच्यांना कमी. किती मिळाला त्यावर ठरतं, कोणी काय व्हायचं."

"सांगावा म्हंजे? बोलतात?"

"बोलत नाहीत. रसायन सोडतात. एकीतून निघून दुसरीला लागतं. एका शास्त्रज्ञाच्या घरी... म्हणजे प्रयोगशाळेत, पाण्यात राहणाऱ्या बेडकासारख्या एका जिवाच्या गर्भातला इवलासा तुकडा काढून दुसऱ्या गर्भाच्या पोटावर बसवला. तर त्या पोटावर दुसरं डोकं उगवलं. तुकड्याने सांगावा दिला, शेजारच्यांनी ऐकला."

"कोनतं रसायन हाय थे?"

"ते अजून कोणालाच नक्की ठाऊक नाही. शोधणं चालू आहे."

मला अजून आठवतं, त्या "ठाऊक नाही" म्हणाल्या म्हणूनच मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. माझ्या आयुष्यात मला दोष देणाऱ्या एकाही माणसाने, एकदाही, "ठाऊक नाही" म्हटलं नव्हतं. त्यांना सगळ्यांना सगळं ठाऊक होतं! सुईणीला ठाऊक, जावेला ठाऊक, पाणवठ्यावरच्या बायांना ठाऊक. शिकलेल्या या एकीलाच ठाऊक नव्हतं. आणि तिलाच, ते बिघडलं कधी, हे तेवढं नक्की सांगता येत होतं.

सासरे बोटांवर मोजत होते. "पयला महिना. गिऱ्हान पाचव्यात. म्हंजे चार महिने आंधी." पुन्हा मोजलं. मग विडी पेटवली.

पौर्णिमेला विहारात बैठक बसली. विहार म्हणजे टिनाचा मांडव आणि तीन भिंती. बायका मागे. सासूने मांडायचं ते मांडलं. एक म्हातारा म्हणाला, पोरगी वाईट नाही, पण लेकाचा संसार पाहायला पाहिजे. मला वाटलं, आता उठतील आणि माझी पेटी उचलायला सांगतील.

सासरे उभे राहिले. "माहा एकच सवाल हाय. बैल सोमवारी मेला अन् साप मंगळवारी निंगाला. तं बैल सापानं मारला का?"

"नाही," कोणीतरी म्हणालं.

"लेकराचं डोस्कं पयल्या महिन्यात अर्धं राह्यलं. इळा पाचव्यात चालला. पोरगी घरातच राहीन. झाली बैठक."

मला राहू दिलं. एवढंसं वाक्य. पण तुम्ही कधी पेटी भरून दाराशी ठेवली असेल तर तुम्हाला कळेल.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. खरा राग पुढचा आहे, आणि त्यात माझाही वाटा आहे.

बाई गावात एका शेतकऱ्याच्या घरी खोली घेऊन राहत होत्या. त्या रोज आमच्या वस्तीत येतात, आमच्या कपाने चहा पितात, हे त्यांच्या घरमालकिणीला आधीपासून खुपत होतं. आता तिला चांगलं निमित्त सापडलं. बाई बायांना गर्भ दाखवते, कोवळी पिल्लं फोडते, आणि अमक्याच्या सुनेच्या पोटावर तिने काहीतरी केलं आहे, असं गावभर झालं. हेडमास्तरांना घरमालकिणीच्या अंगणात बोलावलं. आणि मला, सासूसकट. ज्या अंगणात आम्हाला एरवी पाय ठेवू देत नव्हते तिथे, साक्ष द्यायला, मी चालले!

"सांग वं, भेऊ नको," घरमालकीण म्हणाली. "तुह्या पोटाले हात लावला का तिनं? काही पाजलं? काही उपाय केला?"

एक शब्द पुरला असता. नाही. त्यांनी फक्त अंडी फोडली, आणि मला भिंग दिलं. पण घरमालकिणीच्या मागे सासू उभी होती, आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: हा वाद वाढला तर बैठक पुन्हा बसेल. या खेपेला सासरे एकटे पडतील. मी पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिले. हेडमास्तरांनी दोनदा विचारलं. मी तोंड उघडलं नाही.

बाई माझ्याकडे पाहत होत्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या सर. तिला उन्हात उभी करू नका. तिला दिवस आहेत."

आठवड्याच्या आत त्यांनी खोली सोडली. वाशीमच्या बसच्या टपावर त्यांची पत्र्याची पेटी चढवताना मी लांबून पाहिली. पुढे गेले नाही.

दुसरी मुलगी झाली तेव्हा मी आधी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पूर्ण होतं. टाळू मऊ, आणि तिच्याखाली ठोके लागत होते. सासूने तिला मांडीवर घेतलं आणि सुईणीला म्हणाली, "पाह्य! या खेपेले इळ्याले हात नाही लावू देल्ला, म्हून लेकरू धड निंगालं."

ऐकलंत? अंडी पाहूनही, बैठक होऊनही, दाराआडून तीन दिवस डोळा लावूनही. मी त्या क्षणी तिच्या मांडीवरून लेकरू ओढून घेतलं. बोलले काही नाही. बोलायला पाहिजे होतं, त्या अंगणातही आणि बाळंतिणीच्या खोलीतही.

माझी हीच मुलगी आता दवाखान्यात नोकरी करते. तिने मला सांगितलं की ज्यांचं शोधणं चालू आहे असं बाई म्हणाल्या होत्या, त्यातले बरेच सांगावे आता सापडले आहेत, प्रत्येकाला नाव आहे. तिने ती नावं उच्चारली, माझ्या जिभेवर बसली नाहीत. आणखी एक सांगितलं, ते मात्र बसलं. पालेभाजीत एक जीवनसत्त्व असतं. दिवस जायच्या आधीपासून ते अंगात कमी पडलं तर ही नळी न मिटण्याचा धोका वाढतो. आता बायांना त्याच्या गोळ्या देतात. माझ्या बाबतीत तेच झालं असं कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, मुलगीही नाही. पण त्या काळात मी कधी पोटभर जेवले नाही. लाल भाकर, तिखटाचं पाणी, सगळ्यांच्या मागून. ज्यांनी माझ्या ताटात हिरवं पान पडू दिलं नाही त्यांनी मला पान चिरल्याबद्दल खुनी ठरवलं. आणि मी ते दीड वर्ष खरं मानलं!

सासू गेली, सासरे गेले. त्यांच्याशी भांडायचं राहिलं ते राहिलं. बाईंचं राहू द्यायचं नाही. मुलीने वर्ध्याकडच्या ओळखीतल्या दोन शाळांना पत्रं लिहिली आहेत, उत्तर नाही. मी पुन्हा लिहायला लावीन. बाई, तुम्ही जिथे असाल तिथे मी येईन. तुम्ही नसाल तर तुमची माणसं असतील, तुमचा शेजार असेल. सगळ्यांना बसवीन आणि मोठ्याने सांगेन की तुम्ही माझ्या पोटाला हात लावला नव्हता, तुम्ही मला फक्त खरं दाखवलं होतं, आणि विचारल्यावर मी गप्प राहिले होते. हे मी तुमचं देणं लागते. आज ना उद्या मी ते फेडीन.